साडेनऊला बजेट संपायचं आणि फोन वाजायचा नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. श्रावण ते गणपती आमच्या घरात कोणाला धड जेवायला वेळ नसतो, त्यात यंदा जे झालं ते लिहू की नको असं चाललं होतं, कारण त्यात आमचीच फजिती आहे. पण माझ्यासारखे छोटे धंदेवाले बरेच आहेत जे रोज पाचशे-हजार रुपये इंटरनेटच्या जाहिरातीत घालतात आणि ते कुठे जातात ते त्यांना कळत नाही, म्हणून लिहूनच टाकते.

नवीन लोकांसाठी, आमचा नाशिकमध्ये गाड्यांचा धंदा आहे. चार गाड्या, पाच ड्रायव्हर, त्यातले दोन म्हणजे माझा नवरा आणि दीर, आणि बुकिंगच्या फोनवर मी. त्र्यंबक, शिर्डी, वणी, मुंबई एअरपोर्ट. श्रावणात त्र्यंबकला गर्दी, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, तेव्हा मी जाहिरातीचं बजेट वाढवते. यंदा रोजचे 500 होते ते 800 केले. कोणत्या कंपनीकडे जाहिरात देतो ते नाव घेत नाही, मोठ्या तीन-चार आहेत त्यातली एक समजा.

तर पहिल्याच आठवड्यात काहीतरी बिनसलं. सकाळी साडेनऊला बघावं तर दिवसाचं बजेट खलास, 26-27 क्लिक पडलेले, आणि फोन किती? दोन. त्यातला एक जण विचारतोय की पुण्याची शिवशाही कुठून सुटते. एरवी 25 क्लिक झाले की पाच-सहा फोन येतात आणि दोन तरी बुकिंग पक्की होतात, हा माझा चार वर्षांचा हिशोब आहे, वहीत लिहिलेला.

हे पे पर क्लिक, म्हणजे जाहिरातीवर दर वेळी कोणी दाबलं की जाहिरात देणाऱ्याचे पैसे जातात, ते कसं चालतं ते आमच्या भाषेत सांगते. तुम्ही टॅक्सी घेऊन स्टेशनबाहेर उभे आहात. कोणी दार उघडून आत डोकावलं आणि निघून गेलं तरी मीटर पडलं, आणि ते पैसे तुम्ही भरायचे, त्याने नाही. डोकावणारा खरंच गिऱ्हाईक होता, की समोरच्या टॅक्सीवाल्याने पाठवलेला पोरगा होता, की चुकून हात लागला, मीटरला काय त्याचं. आम्हाला एक क्लिक साधारण 30 रुपयाला पडतो, सणासुदीला जास्त, कारण जागेचा लिलाव असतो, सगळ्यांनी बोली वाढवली की भाव वाढतो. वर 18 टक्के जीएसटी, जो आम्हाला परत मिळत नाही.

आता संशय कोणावर जाणार? आमच्या नाशिकमधल्याच द्वारका चौकाकडचा एक जण आहे, आमच्यासारखाच धंदा, आमच्यासारखेच रेट, दोन वर्षांपूर्वी आमचा एक ड्रायव्हर त्याच्याकडे गेला तेव्हापासून बोलणं बंद. नवरा म्हणाला तोच असणार. दीर तर पेटलाच. संध्याकाळी जेवायच्या आधी त्याने स्वतःचा फोन, ड्रायव्हरचे दोन फोन आणि माझा जुना फोन घेऊन त्या माणसाच्या जाहिरातीवर दाबायला सुरुवात केली. मी म्हटलं भाऊजी हे बरोबर नाही, तर म्हणे वहिनी तुम्ही गप बसा, अकरा झाले. म्हणजे तीनशे-सव्वातीनशे रुपयाचं नुकसान केल्याचा आनंद. आणि खोटं कशाला बोलू, मला पण त्या दिवशी बरं वाटलं होतं.

नंतर वाचल्यावर कळलं की असले क्लिक बऱ्याचदा मोजलेच जात नाहीत. एकाच फोनवरून लागोपाठ दाबलं की कंपन्यांचं सॉफ्टवेअर ते ओळखून बाजूला काढतं आणि बिलात धरत नाही. म्हणजे भाऊजींनी जेवण थंड केलं एवढंच कदाचित झालं असेल. तरी त्या अकरा क्लिकची मला पुढे लाज वाटली, ती का ते येतंच आहे.

मग मी कस्टमर सर्व्हिसकडे गेले. हा भाग जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण पैशापेक्षा राग मला याचा जास्त आला.

आधी चॅट. चॅटवर मशीन. मशीनला लिहिलं की माझ्या जाहिरातीवर खोटे क्लिक होतायत, तर त्याने मला पाच लिंक दिल्या, त्यातली एक होती जाहिरात चांगली कशी लिहावी. तीनदा माणूस द्या माणूस द्या लिहिल्यावर माणूस आला, त्याने नाव सांगितलं, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि फॉर्म भरायला लावला. फॉर्ममध्ये काय हवं तर तारखा, वेळा, आयपी ॲड्रेस म्हणजे दाबणाऱ्याच्या इंटरनेटचा आकडी पत्ता, वेबसाइटचा लॉग म्हणजे कोण कधी आलं त्याची नोंद, आणि तुम्हाला संशय का आला ते. आता मी बीकॉम आहे हो. वेबसाइट ज्या मुलाने करून दिली त्याच्या मागे लागले, तो बिचारा रात्री दहाला फोन घेऊन समजावत बसला. कळलं असं की जाहिरातीवरून कोणी आलं की वेबसाइटच्या पत्त्याला शेपटासारखा एक लांबलचक कोड चिकटून येतो, सर्व्हरवर त्याची वेळ आणि आयपी नोंद होते. तीन रात्री जागून मी एक्सेल केलं. 19 दिवसांचे क्लिक, कोण किती सेकंद थांबलं, कोणी फोनचं बटण दाबलं. पोरांची वह्या-पुस्तकं बाजूला सारून डायनिंग टेबलवर.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. आमच्या टीमने तपासणी केली, आपल्या खात्यावरचे क्लिक वैध आढळले, जे अवैध होते ते आमच्या यंत्रणेने आधीच वगळले आहेत. संपलं. कोणता वैध, कोणता अवैध, का, काही नाही. मी परत लिहिलं की 7 ऑगस्टला सात ते साडेसातच्या मधे सहा क्लिक आहेत, प्रत्येक जण तीन सेकंद थांबलाय, हे तरी बघा, तर वेगळ्याच नावाच्या माणसाने पहिल्याचंच उत्तर परत पाठवलं, स्वल्पविरामासकट.

आणि गंमत म्हणजे मला त्या कंपनीकडून फोन येत नाही असं नाही हां. येतो की. दर पंधरा दिवसांनी एक जण फोन करतो, दर वेळी नवा, आणि म्हणतो मॅम, युवर कॅम्पेन इज लिमिटेड बाय बजेट. म्हणजे बजेट वाढवा. मी म्हटलं दादा, आहे ते बजेट साडेनऊला कोण खातंय ते आधी सांगा, तर म्हणे त्यासाठी सपोर्ट टीम वेगळी आहे मॅम. पैसे घ्यायला माणूस आहे, ऐकून घ्यायला फॉर्म आहे.

आमच्याकडे गेल्या वर्षी नागपूरच्या एक काकू शिर्डीला सोडल्यावर औषधांची पिशवी गाडीत विसरल्या. ड्रायव्हर सिन्नरला पोचला होता. रात्रीचे पावणेबारा. नवऱ्याने त्याला तिथून परत पाठवलं, डिझेल आमचं, काकूंकडून एक रुपया घेतला नाही, कारण त्या रात्रीच्या गोळ्या होत्या. एवढं काही महान नाही ते, नाशिकमधला कोणताही गाडीवाला हेच करेल. म्हणून जास्त झोंबतं.

राग काढायला जागा नव्हती म्हणून मग मी वाचत बसले, आणि हे किती जुनं दुखणं आहे ते कळलं. क्लिकमागे पैसे ही कल्पना 1998 मध्ये अमेरिकेत गोटू डॉट कॉम नावाच्या सर्च साइटने आणली, बिल ग्रॉस नावाच्या माणसाची ती कंपनी, जो जास्त बोली लावेल त्याचं नाव वर. पुढे तिचं नाव ओव्हर्चर झालं आणि 2003 मध्ये याहूने ती विकत घेतली. गुगलने जाहिराती 2000 मध्ये सुरू केल्या आणि 2002 पासून क्लिकमागे पैसे घ्यायला लागले. 2003 मध्ये ॲडसेन्स आलं, म्हणजे कोणीही स्वतःच्या वेबसाइटवर या जाहिराती लावा आणि क्लिकचा वाटा घ्या. खरा घोळ इथून वाढला. तोपर्यंत दुसऱ्याच्या जाहिरातीवर दाबणारा फार तर जळणारा धंदेवाला होता, आता दाबण्यात कमाई होती.

आणि यात आपण भारतीय सुरुवातीपासून आहोत बरं का. 2004 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने बातमी दिली होती की आपल्याकडे गृहिणी, कॉलेजची मुलं, नोकरदार असे लोक घरी बसून परदेशी जाहिरातींवर क्लिक करून डॉलर कमावतायत. त्याच वर्षी गुगलचे तेव्हाचे फायनान्सचे प्रमुख जॉर्ज रेयेस गुंतवणूकदारांसमोर म्हणाले होते की यावर लवकर काहीतरी केलं पाहिजे, नाहीतर आपल्या धंद्याच्या मुळालाच धोका आहे. पुढे माणसांची जागा यंत्रांनी घेतली. 2016 मध्ये मेथबॉट नावाचं प्रकरण उघडकीला आलं, त्यात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या खोट्या प्रेक्षकांना जाहिरातींचे व्हिडिओ दाखवून पैसे काढले जात होते, त्यातल्या मुख्य माणसाला, अलेक्झांडर झुकोव्हला, 2021 मध्ये अमेरिकेत 10 वर्षांची शिक्षा झाली.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती एका गिफ्टच्या दुकानाची केस. लेन्स गिफ्ट्स, अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातली. 2005 मध्ये त्यांनी गुगल आणि इतर कंपन्यांवर दावा लावला की खोट्या क्लिकचे पैसे आमच्याकडून घेतले. 2006 मध्ये गुगलने तडजोड केली, आकडा 9 कोटी डॉलरपर्यंतचा, ऐकायला केवढा मोठा, पण त्यात वकिलांची फी 3 कोटींपर्यंत आणि जाहिरातदारांना मिळणार काय, तर क्रेडिट. रोख नाही. म्हणजे पुढच्या जाहिरातीत वळते करणार. हॉटेलात मिसळीत माशी निघाली तर पैसे परत न देता पुढच्या मिसळीवर सूट, तसं.

त्या केसमध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी आत जाऊन सगळी यंत्रणा तपासून रिपोर्ट लिहिला. त्यांचं म्हणणं पडलं की गुगलचे प्रयत्न वाजवी आहेत. त्यात एक मजेशीर गोष्ट आहे, जाहिरातीवर कोणी डबल क्लिक केलं तर मार्च 2005 पर्यंत दुसऱ्या क्लिकचे पण पैसे लागत होते. आपल्याकडे सायबर कॅफेत शिकलेली अख्खी पिढी कशावरही डबल क्लिक करायची, विचार करा. पण त्यातला मुख्य मुद्दा वेगळाच होता, की दाबणाऱ्याच्या मनात काय होतं हे नुसत्या क्लिकवरून खात्रीने सांगता येत नाही. हे वाचलं तेव्हा मला वाटलं कंपनीची बाजू घेतली यांनी. आणि नियम उघड केले तर चोर ते बघून वाट काढतील म्हणून सांगत नाही, हे कंपन्यांचं म्हणणं मला आजही अर्धंच पटतं. नियम नका सांगू, पण माझे कोणते सहा क्लिक तपासले एवढं तर सांगा.

असो. त्या वेबसाइटवाल्या मुलाने एक काम चांगलं केलं. तो म्हणाला ताई जाहिरात कुठे कुठे दिसली त्याचा रिपोर्ट काढा. काढला, आणि डोक्याला हात लावला. आम्ही समजत होतो की कोणी टॅक्सी शोधली तरच आमची जाहिरात दिसते. कॅम्पेन बनवताना एक टिक आधीच मारलेली असते, इतर वेबसाइट आणि ॲपवर पण दाखवा म्हणून, ती मी काढलीच नव्हती. तर आमची त्र्यंबकची गाडी दिसत होती कुठे, फुगे फोडायच्या गेममध्ये, टॉर्चच्या ॲपमध्ये, एका लहान मुलांच्या रंग भरायच्या ॲपमध्ये. तिथे फुली मारायला गेलं की जाहिरातच दाबली जाते, आपण सगळ्यांनी अनुभवलंय. रोजचे आठ-दहा क्लिक तिकडचे. हे कोणी चोरलं नाही, माझ्याच टिकने गेलं, पण ती टिक आधीच मारून ठेवणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरं ठिकाणाचं सेटिंग. नाशिकमध्ये असलेले लोक, की नाशिकमध्ये रस असलेले लोक. सगळे सल्ले देतात की पहिलंच ठेवा. पण आमचं गिऱ्हाईकच बाहेरचं असतं, सुरतचा माणूस घरी बसून नाशिक रोड ते त्र्यंबक गाडी शोधतो, त्याला कापून कसं चालेल. म्हणून मी मुंबई, ठाणे, पुणे, सुरत अशी शहरंच नावाने टाकली. आयपी ब्लॉक करायचा सल्ला पण मोबाइलवर फुसका आहे, कारण मोबाइल कंपन्या शेकडो लोकांना एकच आयपी वाटून देतात, एकाला अडवायला गेलं तर त्याच्याबरोबर खरी गिऱ्हाइकं पण अडकतात. घरच्या ब्रॉडबँडवरून कोणी दाबत असेल तरच जरा उपयोग.

एवढं करून पण सात ते साडेसातचं कोडं सुटेना. रोज सकाळी, पाऊस असेल त्या दिवशी कमी, रविवारी जास्त, पाच ते सात क्लिक, सगळे मोबाइलवरून, तीन-चार सेकंद, कोणी फोन करत नाही. दीर म्हणाला वहिनी, त्याचे ड्रायव्हर सकाळी चहाला जमतात, तेव्हाच करत असणार.

तर गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, जॉगिंग ट्रॅकवर जाताना बीपीची गोळी घ्यायची विसरले. मी गोळी घेऊन स्कूटीवर गेले. इंदिरानगरच्या ट्रॅकवर त्यांचा कट्टा असतो, सगळे रिटायर्ड, कोणी प्रेसमधले, कोणी एचएएलचे, चालणं दोन राउंड आणि बसणं एक तास. मी मागून येतेय ते त्यांना दिसलं नाही. अण्णा मधे बसलेले, फोन पुढे धरलेला, आणि सांगतायत, हे बघा, नाशिक त्र्यंबक टॅक्सी टाका, पहिलं नाव कोणाचं? आमच्या सूनबाईने केलंय सगळं. दाबा, दाबा ना, उघडतं की नाही बघा. आणि सगळे आपापल्या फोनवर दाबतायत. एक काका चष्मा वर करून दाबतायत. कोणी नवीन आलं असेल तर त्याच्यासाठी परत पहिल्यापासून.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मीच अण्णांना कौतुकाने दाखवलं होतं की आपलं नाव आता सगळ्यात वर येतं.

मी गोळी दिली, पाणी दिलं, आणि काही न बोलता घरी आले. स्कूटीवर हिशोब करत होते, सरासरी सहा क्लिक, 30 रुपये, 180 रोजचे. रोज दाबणारा तोच फोन म्हणून कंपनीने त्यातले काही वगळले पण असतील, कारण महिन्याच्या शेवटी 412 रुपये अवैध क्लिकचे म्हणून वळते झालेले दिसले, कोणत्या क्लिकचे ते अर्थातच लिहिलेलं नव्हतं. 44 दिवसांचे जाहिरातीचे 35,200 आणि जीएसटी 6,336 धरून 41,536 रुपये गेले, त्यात गेमवाल्यांचा वाटा मोठा, कट्ट्याचा त्याखालोखाल. द्वारकेवाल्याचा एक क्लिक पण मला सापडला नाही. आणि मी नऊ दिवस त्या कंपनीशी भांडत होते की सात ते साडेसात कोणीतरी दुष्ट हेतूने दाबतंय. तुझिलिन सर, चुकलं माझं.

दिराला सांगितलं तर तो अर्धा मिनिट गप्प, मग म्हणाला द्वारकेवाल्याचे अकरा क्लिक द्यायचे का परत. मी म्हटलं त्याला आता एक त्र्यंबकचं भाडं पाठवा, आपली गाडी रिकामी नसेल तेव्हा. पाठवलं पण. चतुर्दशीच्या दिवशी आमच्या चारही गाड्या बाहेर होत्या तेव्हा नवऱ्याने फोन करून एक गिऱ्हाईक त्याला दिलं. तो आधी दोन मिनिटं विश्वासच ठेवेना.

कस्टमर सर्व्हिसला मात्र मी काही कळवलं नाही. ते सांगायला पण फॉर्मच भरावा लागला असता. आणि खरं सांगू का, कट्ट्याचं निघालं म्हणून त्यांचं उत्तर बरोबर ठरत नाही, त्यांनी ते सहा क्लिक उघडून बघितले असते आणि मला एवढंच लिहिलं असतं की मॅडम, हे रोज एकाच वेळी एकाच भागातून येतायत, ओळखीचं कोणी आहे का बघा, तर मी दुसऱ्याच दिवशी ट्रॅकवर गेले असते. परवा परत फोन आला होता, मॅम, 2027 च्या सिंहस्थासाठी आत्तापासून बजेट वाढवून ठेवा. सिंहस्थात या शब्दांचा भाव काय होईल देव जाणे.

राहिले अण्णा. त्यांना दाबू नका असं तोंडावर सांगणं मला जमेना, नवऱ्याला तर अजिबातच नाही. मग मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून त्यांच्या मोबाइलचा वॉलपेपर करून दिला, म्हटलं अण्णा आता शोधायला पण नको, फोन उघडला की नाव पहिलंच. आणि कट्ट्यावरच्या सगळ्यांना व्हॉट्सॲपवर तोच फोटो पाठवला. खूश झाले. सात ते साडेसात आता शांत आहे, फोन परत पाच-सहा येतायत.

काल ट्रॅकवरून आले ते जरा नाराज. म्हणे सूनबाई, तुझं ते गुगलचं काहीतरी बिघडलंय, देशपांडे किती वेळ दाबत होते, उघडतच नाही.